डेट्रॉइट कामगारांनी बुडवले नाही

कामगार कायद्यांचा विषय निघाला की चर्चेत कोणीतरी हमखास डेट्रॉइट आणतो. युनियनने मागण्या वाढवल्या, कामगार आळशी झाले, जपान्यांनी स्वस्त आणि टिकाऊ गाड्या आणल्या आणि अमेरिकेचा मोटार उद्योग बसला, अशी ती एका दमात सांगायची कथा. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांतून ती बाहेर पडते, अग्रलेखांतून फिरते आणि शेवटी आपलीच शिकलेली मुले ती आपल्याला ऐकवतात. आरक्षणाने गुणवत्ता बुडाली, या कथेची ही सख्खी बहीण आहे. दोन्हींत गुन्हेगार ठरतो तो खालचा माणूस. निर्णय घेणारा वरचा माणूस कथेत कुठे दिसतच नाही. म्हणून हा इतिहास एकदा तारखांसह नीट वाचला पाहिजे.

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. त्याच वर्षी त्याच देशात, डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्क गावात हेन्री फोर्डच्या कारखान्यात फिरती जुळणी सुरू झाली. आधी कामगार गाडीभोवती फिरत, आता गाडी कामगारापुढून सरकू लागली. मॉडेल टी गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आले. १९०८ साली ८५० डॉलरला निघालेली ही गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यावर, सर्वांत साध्या रूपात, २६० डॉलरला मिळू लागली. हा पराक्रम खराच आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

पण त्या साखळीपुढे उभा राहणारा माणूस टिकत नव्हता. १९१३ मध्ये फोर्डकडे कामगारांच्या सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते. म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला जवळपास चार माणसे नेमावी लागत. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, ती या पळापळीवरचा इलाज म्हणून. पाठ्यपुस्तकांत याला औदार्य म्हणतात. त्या पाच डॉलरमधला सुमारे निम्मा भाग 'नफ्यातला वाटा' होता आणि तो मिळायचा तर कंपनीच्या 'समाजशास्त्र खात्या'चे तपासनीस घरी येऊन बघत. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पोटभाडेकरू ठेवलेत का, पैसे साठवतो का. मालक पगार देतो म्हणून त्याला चूलही तपासता येते, हे तत्त्व गावगाड्यात वाढलेल्या माणसाला नवीन वाटणार नाही.

याच सुमारास, १९११ साली, फ्रेडरिक टेलरचे वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे पुस्तक निघाले होते. त्याचा गाभा असा, की विचार करण्याचे काम कामगाराकडून काढून घ्यायचे आणि कचेरीत न्यायचे. कोणता स्क्रू किती सेकंदांत आवळायचा हे कचेरीतला माणूस ठरवणार आणि कामगाराने तेवढे करायचे. ज्ञान एका थराकडे आणि श्रम दुसऱ्या थराकडे! अमेरिकेच्या मोटार उद्योगाचा पुढचा सगळा इतिहास या एका निर्णयातून निघतो असे माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, ही तर नुसती श्रमविभागणी झाली, तिथे जन्माचा संबंध कुठे? तो ओतशाळेत होता.

पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे मजूर थांबले आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने डेट्रॉइटला आले. इतर कंपन्या त्यांना झाडू मारण्यापलीकडे क्वचितच काम देत. फोर्डने मात्र त्यांना घेतले, १९२० च्या दशकात सुमारे दहा हजार, आणि कागदोपत्री मजुरीही तीच दिली. भरती चर्चच्या पाद्र्यांच्या शिफारशीवर होई. आता हे लोक कारखान्यात कुठे उभे होते ते पाहा. रूज नदीकाठच्या फोर्डच्या प्रचंड कारखान्यात वितळलेल्या लोखंडाजवळ, भट्टीच्या धगीत आणि धुळीत, ओतशाळेत त्यांचा भरणा होता. जिथे श्वास घेणे अवघड, तिथे काळा माणूस. हत्यारे घडवण्याच्या कुशल कामापर्यंत त्यांतले फार थोडे पोचले आणि गोऱ्यांवर मुकादमी करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

नेमक्या याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याची, म्हणजे साचेखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण विणकराला विटाळ होई. विणखात्यात मजुरी जास्त होती, हा योगायोग म्हणायचा का? १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. (त्याच १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला.) पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक उलगडून दाखवला, तो रूजच्या ओतशाळेला जसाच्या तसा लागू पडतो. तिथे रंगाने जे काम केले ते आपल्याकडे जातीने केले.

फोर्डला मागे टाकले जनरल मोटर्सने. १९२३ पासून अध्यक्ष असलेल्या आल्फ्रेड स्लोनने हप्त्यावर गाडी, दरवर्षी नवे रूप आणि खिशाप्रमाणे गाड्यांची शिडी असा बेत आखला. शेवरोलेवाल्याने पोंटियॅककडे बघायचे, पोंटियॅकवाल्याने ओल्ड्समोबिलकडे, त्याने ब्यूककडे आणि ब्यूकवाल्याने कॅडिलॅककडे. श्रेणीबद्ध विषमता विकायची कशी, हे त्यांना छान जमले होते. पण यातून स्पर्धा इंजिनावरून पत्र्याच्या आकारावर आणि क्रोमच्या पट्ट्यांवर गेली. १९५५ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे ९५ टक्के जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांच्या होत्या. एवढी मक्तेदारी असलेल्याला शिकायची गरज वाटत नाही.

कामगारांची संघटना, यूएडब्ल्यू, १९३५ साली उभी राहिली. फ्लिंट शहरात ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ असे ४४ दिवस कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे जनरल मोटर्सने संघटनेला मान्यता दिली. फोर्ड त्यानंतरही चार वर्षे अडून बसला आणि अडून राहायला त्याने कृष्णवर्णीयांचाच आधार घेतला. १९४१ च्या एप्रिलमध्ये रूजचा संप झाला तेव्हा अनेक कृष्णवर्णीय कामगार आतच थांबले. त्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. पण गोऱ्यांच्या कामगार संघटनांनी अनेक वर्षे त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते आणि फोर्डने निदान भाकरी दिली होती. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेचे, एनएएसीपीचे, वॉल्टर व्हाइट स्वतः रूजच्या दारात आले आणि आतल्या लोकांना बाहेर या म्हणाले. ती फळी फुटली आणि जूनमध्ये फोर्डने करारावर सही केली. म्हणजे ज्यांना आपण बरोबरीचे मानले नव्हते त्यांची साथ मिळाल्यावरच गोऱ्या कामगारांचा विजय झाला.

आणि त्याची परतफेड काय झाली? जून १९४३. हिटलरविरुद्ध युद्ध चालू आहे, डेट्रॉइटचा पॅकार्ड कारखाना लढाऊ विमानांची इंजिने बनवतो आहे. तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती देऊन जुळणीच्या साखळीवर आणले, एवढ्यावरून सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. तीन माणसे! संघटनेच्या वरिष्ठ नेतृत्वाने या संपाला विरोध केला, हे तिच्या श्रेयाचे. पण विष खाली पसरलेले होते. त्याच महिन्याच्या २० तारखेला शहरात दंगल उसळली. ३४ माणसे मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय. आपल्याकडच्या ज्या पुरोगामी मित्रांना वाटते की वर्गाचा लढा लढला की जात आपोआप गळून पडेल, त्यांनी पॅकार्डचा संप अभ्यासावा.

युद्ध संपल्यावर वॉल्टर रूथर या कामगार नेत्याने जनरल मोटर्सकडे एक विलक्षण मागणी केली. मजुरी ३० टक्के वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका आणि हे परवडत नाही म्हणत असाल तर हिशेबाच्या वह्या उघडा. ११३ दिवस संप चालला. कंपनीने थोडी मजुरी वाढवली, वह्या उघडल्या नाहीत. १९५० साली पाच वर्षांचा मोठा करार झाला. कामगारांना निवृत्तिवेतन, आरोग्य विमा आणि महागाईप्रमाणे वाढ मिळाली. काय बनवायचे, कसे बनवायचे, साखळी किती वेगाने पळवायची, हे सगळे मात्र कंपनीच्या हाती राहिले. पोट भरले, डोके बाहेरच. रूथरला खरे तर सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा हवा होता. तो अमेरिकेत झाला नाही, म्हणून म्हाताऱ्या कामगारांच्या औषधपाण्याचा खर्च कंपनीच्या गळ्यात राहिला. पुढे हाच 'युनियनचा बोजा' म्हणून दाखवला गेला.

साखळीचा वेग वाढतच होता. डेट्रॉइटमध्ये १९६७ च्या उठावात ४३ माणसे मेली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात क्रायस्लरच्या डॉज मेन कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी संघटनेला न विचारता काम बंद पाडले. त्यातून 'ड्रम' म्हणजे डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट जन्मली. आपण १९७२ च्या दलित पँथरमुळे ओकलंडच्या ब्लॅक पँथरना ओळखतो, पण ड्रम आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. त्यांचे भांडण एकाच वेळी कंपनीशी आणि स्वतःच्या युनियनशी होते. शिक्षा आम्हाला, अवघड काम आम्हाला, मुकादम मात्र गोरा आणि युनियनचा पुढारीही गोरा, हे कसे, असे ते विचारत होते. कंपनीने पुढाऱ्यांना कामावरून काढले.

हा फक्त कृष्णवर्णीयांचा असंतोष होता असेही नाही. १९७२ मध्ये ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउनला, जिथे बहुतेक तरुण गोरे कामगार होते, जनरल मोटर्सने तासाला शंभर गाड्यांचा वेग ठरवला. म्हणजे प्रत्येक गाडीमागे माणसाला ३६ सेकंद. दिवसभर ३६ सेकंद, ३६ सेकंद. चूक दिसली तरी साखळी थांबवायची परवानगी नाही. सदोष गाडी पुढे जाऊ द्यायची आणि शेवटी दुरुस्तीच्या अंगणात उभी करायची. बावीस दिवस संप झाला. तिथे बनणारी व्हेगा ही छोटी गाडी पुढे गंजण्यासाठी प्रसिद्ध झाली.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीने दुसरा तडाखा दिला. ग्राहकाला कमी पेट्रोल पिणारी गाडी हवी होती आणि तिन्ही कंपन्यांना ती नीट बनवता येत नव्हती, कारण छोट्या गाडीत नफा छोटा म्हणून त्यांनी तिकडे कधी मन लावले नव्हते. क्रायस्लर सरकारी हमीच्या दीड अब्ज डॉलर कर्जावर तगली. १९८० साली वाहन उत्पादनात जपान अमेरिकेच्या पुढे गेला. १९८१ पासून जपानने अमेरिकेत वर्षाला १६.८ लाखांपेक्षा जास्त मोटारी पाठवायच्या नाहीत असे ठरवून घेण्यात आले. परिणाम उलटा झाला. संख्येवर मर्यादा आल्यावर जपानी कंपन्या महागड्या गाड्यांकडे वळल्या आणि अमेरिकेतच कारखाने काढू लागल्या. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतच मोटारी बनवायला सुरुवात केली.

राग कोणावर निघाला? जून १९८२ मध्ये हायलँड पार्कला, फोर्डची पहिली फिरती जुळणी जिथे सुरू झाली त्याच गावात, व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेसबॉलच्या दांडक्याने मारहाण झाली आणि चार दिवसांनी तो मेला. मारणारा क्रायस्लरमधला पर्यवेक्षक होता, सोबत त्याचा सावत्र मुलगा होता. तुमच्यामुळे आमची कामे गेली, असा त्यांचा राग असल्याचे साक्षीत आले. चिन चिनी वंशाचा अमेरिकन होता, जपानी नव्हताच. राज्याच्या न्यायालयाने दोघांना तीन-तीन हजार डॉलर दंड आणि देखरेखीची शिक्षा दिली. तुरुंगात एक दिवस नाही. छोटी गाडी न बनवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्याकडे कोणी दांडके घेऊन गेले नाही. जावे असे मी म्हणत नाही, पण बोट तरी कोणी दाखवले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कामगार आळशी आणि युनियन आडमुठी म्हणून गाड्या वाईट निघत होत्या का? याची कसोटी प्रत्यक्ष झाली आहे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना कंपनीतल्या सर्वांत वाईट कारखान्यांत गणला जाई. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, दारू, भांडणे, अचानक संप. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून 'नमी' या नावाने तोच पुन्हा उघडला. सुरुवातीला घेतलेल्या कामगारांतले सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच होते. युनियनही तीच. बदलले ते एवढेच, की शेकडो कामगारांना जपानला नेऊन शिकवले, माणसांचे छोटे गट केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी टांगली. चूक दिसली की दोरी ओढायची. गटनायक मदतीला धावतो आणि वेळेत निस्तरले नाही तर साखळी थांबते. साध्या कामगाराच्या हाताने! कामाची पद्धत सुधारायच्या सूचना कामगारच देऊ लागले. साहेबांची वेगळी खानावळ आणि राखीव पार्किंग गेले, सगळे एकाच ठिकाणी जेवू लागले. सहभोजनाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. १९८८ च्या सुमारास विक्री घटली तेव्हा कोणाला घरी बसवले नाही, त्या वेळात प्रशिक्षण दिले.

दोन वर्षांच्या आत तिथल्या गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळपास पोचली. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. माणसे तीच, रंग तोच, युनियन तीच. 'गुणवत्ता' कुठून आली मग?

जनरल मोटर्सने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि तरी ते बाकीच्या कारखान्यांत नेता आले नाही. कारण दोरी टांगणे सोपे असते, ती ओढणाऱ्याचे ऐकणे अवघड. व्यवस्थापकाला आपला अधिकार सोडावा लागतो. त्याऐवजी कंपनीने ऐंशीच्या दशकात यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर ओतले. हाताला डोके देण्यापेक्षा हातच नको, असा तो विचार.

पण म्हणून जपानी मालकांची आरती ओवाळायचे कारण नाही. १९७५ मध्ये जपानात उघड झाले की तिथल्या अस्पृश्य समाजाच्या, बुराकूंच्या, वस्त्यांच्या गुप्त याद्या विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. उमेदवाराचा पत्ता बघून त्याला नाकारता यावे म्हणून! मोठ्या मोटार कंपन्याही त्यात होत्या. आणि अमेरिकेत होंडाने १९८८ साली कृष्णवर्णीय आणि स्त्रियांना भरतीत डावलल्याच्या प्रकरणात तडजोड करून ६० लाख डॉलर दिले. आडनाव विचारून गाव विचारणारी माणसे सगळीकडे असतात.

पुढची कहाणी लवकर आटपते. परदेशी छोट्या ट्रकांवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के जकात आहे, आणि ती लागली युरोपशी कोंबड्यांच्या निर्यातीवरून झालेल्या भांडणात. या भिंतीआड तिन्ही कंपन्यांनी पिकअप ट्रकवर आणि त्याच सांगाड्यावर बेतलेल्या धिप्पाड गाड्यांवर गडगंज नफा कमावला आणि मोटारींचे मैदान सोडून दिले. २००८ मध्ये पेट्रोल भडकले, बाजार कोसळला, टोयोटाने विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकले. तिन्ही कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाल्या. सरकारने उद्योगात सुमारे ८० अब्ज डॉलर घातले. त्याआधीच, २००७ च्या करारात, नव्या कामगाराला जुन्याच्या निम्मी, तासाला सुमारे १४ डॉलर मजुरी ठरली होती. एकाच साखळीवर शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोन माणसांच्या दोन जाती. त्या मोडायला २०२३ चा संप करावा लागला. मधल्या काळात डेट्रॉइट १८ लाखांवरून ७ लाखांवर आले. ज्यांना पळता आले ते गोरे उपनगरांत गेले, आणि ओतशाळेपासून वर चढायला ज्यांना सर्वांत जास्त वेळ लागला होता ते दिवाळखोर शहरात मागे उरले.

एवढे झाल्यावरही कोणी युनियन आणि पेन्शनवर अडून बसत असेल, तर त्याला पुण्याजवळच्या तळेगावला न्यावे. जनरल मोटर्सने तिथे २००८ मध्ये कारखाना सुरू केला, २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. चौदाशेच्या आसपास कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. त्यांची मजुरी डेट्रॉइटच्या मजुरीच्या पासंगालाही नव्हती. त्यांच्या म्हातारपणाचा कोणता बोजा कंपनीवर होता? इथे गाड्या खपल्या नाहीत, कारण इथे कोणती गाडी चालेल हे वरच्यांना कळले नाही. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

आणि फ्रीमाँटचे काय झाले? दिवाळखोरीत जनरल मोटर्सने अंग काढून घेतल्यावर टोयोटानेही एप्रिल २०१० मध्ये तो कारखाना बंद केला. टेस्लाने तो विकत घेतला. आता तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात आणि युनियन नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने या कारखान्यावरून टेस्लावर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले आहेत. खात्याचे म्हणणे असे, की तिथे कृष्णवर्णीय कामगारांना वेगळे काढले जाते, त्यांना वांशिक शिव्या ऐकाव्या लागतात आणि कारखान्यातली सर्वांत अंगमेहनतीची कामे त्यांच्या वाट्याला येतात.